इसबगोल झोपताना नव्हे, जेवताना: आतड्याच्या वाटेने एलडीएल उतरवण्याची रीत

इसबगोल आपल्याकडे बहुतेक घरांत रात्री झोपण्यापूर्वी कोमट दुधातून किंवा पाण्यातून घेतात. सकाळी पोट साफ व्हावे एवढाच हेतू असेल तर ही वेळ ठीक आहे. पण त्याच इसबगोलाने रक्तातले एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, उतरावे अशी अपेक्षा असेल, तर वेळ चुकते आहे. कॅनडातल्या संशोधकांनी १९९४ साली हेच तपासले. इसबगोल जेवणात मिसळून दिले तेव्हा कोलेस्टेरॉल उतरले, दोन जेवणांच्या मधे दिले तेव्हा मोजण्याजोगा फरक पडला नाही. इसबगोल तेच होते, परिणाम मात्र वेगळा निघाला. याचे कारण आतड्यात आहे, आणि ते नीट कळले तर पुढची सगळी मापे आणि वेळा आपोआप लक्षात राहतात.

आतड्यात काय घडते

यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले बनवते. ती पित्तातून लहान आतड्यात उतरतात, जेवणातले तेल-तूप बारीक थेंबांत फोडतात, आणि काम झाले की सुमारे ९५ टक्के पित्ताम्ले लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून शोषली जाऊन रक्तावाटे पुन्हा यकृतात पोचतात. शरीरात एका वेळी पित्ताम्लांचा साठा जेमतेम दोन ते चार ग्रॅम असतो. तोच साठा दिवसातून अनेक फेऱ्या मारतो. विष्ठेवाटे रोज अर्धा ग्रॅमच्या आसपास पित्ताम्ले बाहेर जातात, आणि तेवढीच यकृताला नव्याने बनवावी लागतात.

ही गळती वाढवली की यकृताला पित्ताम्ले बनवायला जास्त कोलेस्टेरॉल लागते. ते मिळवण्यासाठी यकृताच्या पेशी आपल्या पृष्ठभागावरचे एलडीएल-ग्राहक (एलडीएल पकडणारे रिसेप्टर) वाढवतात आणि रक्तातले एलडीएल ओढून घेतात. या ग्राहकांच्या शोधासाठी मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ही वाट खरोखर चालते याचे दोन भक्कम पुरावे आहेत. पित्ताम्ले आतड्यात पकडून ठेवणारे कोलेस्टिरामाइन हे औषध अमेरिकेत ३८०६ पुरुषांना देऊन पाहिले गेले. १९८४ साली त्याचे निष्कर्ष आले, आणि हृदयविकाराचे झटके व मृत्यू मिळून १९ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. दुसरा पुरावा शस्त्रक्रियेचा. पित्ताम्ले शोषणारा लहान आतड्याचा शेवटचा भाग ८३८ रुग्णांच्या एका चाचणीत शस्त्रक्रियेने वगळला, तेव्हा एलडीएल सुमारे ३८ टक्क्यांनी खाली आले. त्याचे निष्कर्ष १९९० साली प्रसिद्ध झाले.

आपण जेवणातून याच वाटेने जातो, फक्त सौम्यपणे. पाण्यात फुगून घट्ट, बुळबुळीत होणारे तंतू आतड्यातल्या रसाला दाटपणा आणतात. पित्ताम्ले त्या दाट गोळ्यात अडकतात आणि शोषली न जाता पुढे मोठ्या आतड्यात जातात. पित्त आतड्यात सर्वांत जास्त उतरते ते जेवणानंतर, कारण जेवणातली चरबी पोचली की पित्ताशय आकुंचन पावते. तो दाट गोळा नेमका त्याच वेळी तिथे हवा. झोपताना घेतलेले इसबगोल पोचते तेव्हा पित्ताची मोठी लाट येऊन गेलेली असते.

यकृत हा तोटा काही अंशी स्वतःचे कोलेस्टेरॉल जास्त बनवून भरून काढते. म्हणून परिणामाला मर्यादा आहे. चांगल्या मात्रेने एलडीएल पाच ते दहा टक्के उतरते. याहून मोठे आश्वासन देणाऱ्या जाहिरातीवर विश्वास ठेवू नका.

सुरुवात रक्ततपासणीपासून

आठ आठवडे मेहनत करायची तर आधीचा आकडा विश्वासार्ह हवा. एकाच माणसाचे एलडीएल काहीही न बदलता एका तपासणीतून दुसरीत दहा-पंधरा टक्के वरखाली होऊ शकते. ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी, तर त्याहून खूप जास्त हलतात. त्यामुळे एकच तपासणी आधी आणि एकच नंतर केली, तर पाच-सात टक्क्यांची खरी घट त्या हेलकाव्यात हरवून जाते. किंवा मुळात घट झालेलीच नसते आणि झाल्यासारखी दिसते. आठवडाभराच्या अंतराने दोन तपासण्या करून सरासरी काढा. शेवटीही तसेच करा. प्रयोगशाळा तीच ठेवा, बारा तास उपाशी राहा, पाणी चालेल. आदल्या दिवशी मद्य किंवा लग्नाचे जेवण नको. ताप, मोठा संसर्ग किंवा शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल तर कोलेस्टेरॉल खोटे कमी दिसते, तेव्हा काही आठवडे थांबा. गरोदरपणात ते नैसर्गिकरीत्या वाढते, त्या काळात हा प्रयोग करू नये.

अहवालातले एलडीएल बऱ्याचदा मोजलेले नसते, गणिताने काढलेले असते. १९७२ पासून वापरात असलेले फ्रीडवाल्ड सूत्र असे: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल, म्हणजे ‘चांगले’ कोलेस्टेरॉल, वजा करा, आणि ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा भाग वजा करा. समजा एकूण २२०, एचडीएल ४२, ट्रायग्लिसराइड्स १८०. तर २२० वजा ४२ वजा ३६, म्हणजे एलडीएल १४२ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. ट्रायग्लिसराइड्स ४०० च्या वर असतील तर हे सूत्र लागू पडत नाही, थेट मोजलेले एलडीएल मागा. शिवाय एकूणमधून एचडीएल वजा करून येणारा आकडाही वहीत लिहून ठेवा, वरच्या उदाहरणात तो १७८ येतो. भारतीयांमध्ये ट्रायग्लिसराइड्स जास्त आणि एचडीएल कमी असण्याचे प्रमाण मोठे आहे. अशा माणसाच्या बाबतीत हा आकडा एलडीएलपेक्षा खरे चित्र दाखवतो.

एकदा टीएसएच ही थायरॉइडची तपासणी करून घ्या. थायरॉइड मंद असेल तर एलडीएल वाढते, आणि ते इसबगोलाने उतरणार नाही. एलडीएल १९० किंवा त्याहून जास्त असेल तर आनुवंशिक दोषाची शक्यता असते. ट्रायग्लिसराइड्स ५०० च्या वर असतील तर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. या दोन्ही स्थितींत आधी डॉक्टर, मग स्वयंपाकघर. हृदयविकार होऊन गेलेल्यांनी किंवा स्टॅटिन हे कोलेस्टेरॉल उतरवणारे औषध चालू असलेल्यांनी गोळी स्वतःहून बंद करू नये. उलट गोळीच्या जोडीला इसबगोल घेतल्याचा फायदा संशोधनात नीट दिसतो. स्टॅटिनची मात्रा दुप्पट केली की एलडीएल आणखी साधारण ६ टक्केच उतरते, आणि चालू मात्रेला इसबगोलाची जोड दिल्यानेही जवळपास तेवढाच फायदा मिळतो.

इसबगोल: मात्रा, पाणी, वेळ

इसबगोल म्हणजे बियांवरचे साल, म्हणजेच भुसा. उत्तर गुजरातेतल्या उंझा आणि सिद्धपूर भागात त्याचा मोठा व्यापार चालतो. विकत घेताना पुडीवर घटक वाचा. फक्त इसबगोलाचा भुसा असे लिहिलेले हवे. पोट साफ करणाऱ्या काही चूर्णांत इसबगोलाबरोबर सोनामुखी असते. ती आतड्याला चिमटे काढून हालचाल घडवते आणि रोज महिनोन्महिने घेण्याजोगी नाही. चव आणि गोडी घातलेल्या पुड्यांत साखरेचा वाटा मोठा असू शकतो, त्यामुळे चमचाभर पावडरीत भुसा थोडाच जातो.

लागणारी मात्रा दिवसाला सुमारे १० ग्रॅम भुसा, म्हणजे ७ ग्रॅम विरघळणारे तंतू. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९८ मध्ये कोलेस्टेरॉलबाबतचा दावा लिहायला परवानगी दिली ती याच ७ ग्रॅमच्या आधारावर. चमच्याचे माप फसवे असते. भुसा हलका आणि फुगीर असतो, बारीक दळलेला असेल तर तोच चमचा जड भरतो. जेवणाचा सपाट मोठा चमचा साधारण ५ ग्रॅम धरता येतो, पण एकदा तरी वजनकाट्यावर मोजून आपल्या चमच्यावर खूण ठरवून घ्या.

थेट दहा ग्रॅमवर उडी मारू नका. पहिला आठवडा दुपारच्या जेवणाबरोबर साडेतीन ग्रॅम. दुसरा आठवडा दोन्ही जेवणांबरोबर साडेतीन-साडेतीन. तिसऱ्या आठवड्यापासून पाच-पाच. पाच ग्रॅम भुश्याला कमीत कमी २५० मिलिलिटर पाणी किंवा पातळ ताक हवे. आधी पेल्यात पाणी घ्या, वरून भुसा भुरभुरवा, ढवळा आणि लगेच प्या. दोन-तीन मिनिटे ठेवले तर घट्ट गोळा होतो आणि गिळवत नाही. जेवायला बसताना प्यावे, किंवा पहिल्या चार-पाच घासांनंतर.

कोरडा भुसा तोंडात टाकून वरून घोटभर पाणी पिणे धोक्याचे आहे. तो अन्ननलिकेत फुगून अडकल्याच्या घटना वैद्यकीय नोंदींत आहेत. ज्यांना गिळायला त्रास होतो, आतडे अरुंद झालेले आहे किंवा पूर्वी आतड्याला अडथळा आला होता, त्यांनी इसबगोल घेऊ नये. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना ते देण्याआधी डॉक्टरांना विचारा.

पिण्याचा कंटाळा आला तर पिठात घाला. १०० ग्रॅम ज्वारीच्या किंवा जवाच्या पिठाला ५ ग्रॅम भुसा, आणि नेहमीपेक्षा ४०-५० मिलिलिटर जास्त गरम पाणी. पीठ पाच मिनिटे झाकून ठेवा म्हणजे भुसा पाणी पिऊन घेतो. ज्वारीत ग्लूटेन नसल्याने भाकरी थापताना चिरते, इसबगोलाने ती चिर बरीच कमी होते. थालीपिठाच्या भाजणीतही तो सहज खपतो. हा भुसा जेवणाबरोबरच पोटात जातो, म्हणून वेळेचा प्रश्नच उरत नाही. मात्र अशा जेवणाबरोबरही पाणी नेहमीपेक्षा जास्त प्यावे.

औषधांशी अंतर पाळणे महत्त्वाचे. दाट गोळ्यात गोळ्याही अडकतात. डिगॉक्सिन, लिथियम, कार्बामाझेपिन अशा औषधांपासून किमान दोन तास दूर राहा. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशी पोटी घेत असाल तर नाश्त्याला इसबगोल नको, दुपारी आणि रात्री घ्या. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर पहिल्या दोन आठवड्यांत जेवणानंतरची साखर जास्त वेळा तपासा, कारण ती खाली येऊ शकते.

ओट्स आणि जव: बीटा-ग्लुकानचा हिशेब

इसबगोलाच्या तोडीचा दुसरा तंतू म्हणजे बीटा-ग्लुकान. तो ओट्समध्ये आणि जवामध्ये असतो. दिवसाला ३ ग्रॅम मिळाला तर एलडीएल साधारण १० मिलिग्रॅमने उतरते. ओट्सच्या पाकळ्यांत तो ४ टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे तीन ग्रॅमसाठी ७५ ग्रॅम कोरडे ओट्स लागतात. इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. नाश्त्याला ३०-४० ग्रॅम ओट्स खाल्ले की काम झाले असे वाटते, प्रत्यक्षात मात्रा निम्मी पडते. मसाला ओट्सच्या छोट्या पाकिटात तर ओट्सच्या जोडीला मसाला, मीठ आणि इतर घटकांचेही वजन मोजलेले असते.

जवात बीटा-ग्लुकान ४ ते ७ टक्के असतो, आणि तो दाण्याच्या फक्त सालात नसून आतल्या पिठूळ भागातही पसरलेला असतो. म्हणून पॉलिश केलेला, पांढरट मोत्यासारखा जवही चालतो. किराणा दुकानात मागताना जवस आणि जव यांची गल्लत होऊ देऊ नका. जवस म्हणजे अळशी, ती तेलबी आहे. सातू हा शब्द काही भागांत जवासाठी वापरतात, पण सातूचे तयार पीठ अनेकदा भाजलेले गहू आणि डाळे यांचे असते. त्यात जव किती आहे ते विचारल्याशिवाय घेऊ नका.

सोपी जोडी अशी: सकाळी ४० ग्रॅम ओट्स, त्यातून सुमारे १.६ ग्रॅम. दुपारी किंवा रात्री भाताऐवजी ४० ग्रॅम कोरडा जव, त्यातून साधारण २ ग्रॅम. दोन्ही मिळून तीन ग्रॅमचा टप्पा ओलांडला जातो.

ओट्स मोठ्या पाकळ्यांचे घ्या. ४० ग्रॅमला ३०० मिलिलिटर पाणी, मंद आचेवर ८ ते १० मिनिटे, मधे मधे ढवळत. चमच्याला तार धरणारा बुळबुळीतपणा यायला हवा, कारण कामाचा भाग तोच आहे. पाणी काढून टाकून मोकळे केलेले ओट्स दिसायला उपम्यासारखे होतात, पण बीटा-ग्लुकानचा काही भाग त्या पाण्याबरोबर मोरीत जातो. जवाचेही तसेच. चार-पाच तास भिजवा आणि भिजवलेल्या पाण्यातच शिजवा. एका वाटीला चार वाट्या पाणी, कुकरला मंद आचेवर सहा ते आठ शिट्ट्या. मूग डाळ, दुधी आणि जिऱ्याची फोडणी घालून त्याची खिचडी चांगली लागते. सूप किंवा आमटीत शिजलेला जव घातला तर आमटी आपोआप दाट होते.

२०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत बीटा-ग्लुकानची लांब साखळी टिकवलेले ओट्सचे पदार्थ आणि साखळी तुटून लहान झालेले पदार्थ, दोन्ही समान ग्रॅमने खायला दिले गेले. लांब साखळीने एलडीएल उतरले, तुटलेलीचा परिणाम जवळपास निम्म्यावर आला. ग्रॅम सारखे, दाटपणा वेगळा. घरच्या स्वयंपाकात ही साखळी तुटते ती मुख्यतः गव्हाच्या पिठातल्या विकरांमुळे (एन्झाइममुळे). जवाचे किंवा ओट्सचे पीठ गव्हाच्या पिठात मिसळून कणीक तासन्‌तास भिजवून ठेवली, किंवा यीस्ट घालून ब्रेडसाठी फुगवली, की ती विकरे बीटा-ग्लुकान कापत बसतात. मिश्र पिठाची पोळी करायची तर कणीक मळून पंधरा-वीस मिनिटांत लाटायला घ्या. रात्रीची कणीक फ्रीजमध्ये ठेवून सकाळी वापरण्याची सवय यासाठी मोडावी. नुसत्या जवाची भाकरी उकळत्या पाण्याने उकड काढून केली तर हा प्रश्न येत नाही, उष्णतेने विकरे निकामी होतात.

बाकीचे तंतू कुठे बसतात

गव्हाचा कोंडा पोट साफ ठेवतो, पण तो पाण्यात दाट होत नाही, म्हणून एलडीएलवर त्याचा परिणाम जवळजवळ शून्य. कोंड्याची बिस्किटे कोलेस्टेरॉलसाठी विकत घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे, आणि त्यातली चरबी पामतेलाची असेल तर उलट नुकसान.

मेथीच्या दाण्यात गॅलॅक्टोमॅनन नावाचा चिकट तंतू बराच असतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत मेथीवर मधुमेही रुग्णांमध्ये प्रयोग झाले आणि कोलेस्टेरॉल उतरलेही. पण तिथे चरबी काढलेली मेथीपूड रोज १०० ग्रॅमपर्यंत दिली होती. रात्री भिजवलेले चमचाभर दाणे चांगलेच आहेत, फक्त त्यांच्याकडून १०० ग्रॅमचा परिणाम अपेक्षित धरू नका. गवारीच्या बियांतला डिंकही याच जातीचा, परंतु तो पिकलेल्या बियांत असतो. भाजीच्या कोवळ्या शेंगांत फार थोडा.

राजमा, चवळी, हरभरा या कडधान्यांतून शिजलेल्या वाटीमागे साधारण दोन-तीन ग्रॅम विरघळणारे तंतू मिळतात. पेरू, संत्रे, सफरचंद यांतून फळामागे एक-दीड ग्रॅम. रस काढून गाळला की यातला बहुतेक हिस्सा चोथ्यात राहतो.

भेंडीची चिकटी आपण दही किंवा आमसूल घालून मारतो. पण टोरंटोतल्या डेव्हिड जेन्किन्स यांच्या गटाने कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या पदार्थांची जी सांगड घातली, तिच्यात ओट्स, जव आणि इसबगोल यांच्या जोडीला भेंडी आणि वांगी होती. शिवाय सोया, बदाम आणि वनस्पतिजन्य स्टेरॉल. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत सगळे जेवण मोजून पुरवले होते, आणि एलडीएल २८ टक्क्यांच्या आसपास उतरले, जवळजवळ लोव्हास्टॅटिनच्या गोळीइतके. २०११ मध्ये लोकांना फक्त सल्ला देऊन आपापल्या घरी करायला सांगितले, तेव्हा सहा महिन्यांत घट १३ टक्क्यांच्या आसपास राहिली. घरी वास्तवात काय पदरी पडू शकते त्याचा हा प्रामाणिक अंदाज आहे. आपल्याकडे बदामाच्या जागी मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम, भाजलेले शेंगदाणे घेता येतात. आणि ५० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने मिळतात.

तुपापेक्षा दुधाकडे आधी पाहा

तंतूंनी यकृताचे एलडीएल-ग्राहक वाढवायचे आणि त्याच वेळी संपृक्त (सॅच्युरेटेड) चरबीने ते दाबायचे, असे दोन्ही चालू ठेवले तर मेहनत फुकट जाते. २००० कॅलरी खाणाऱ्या माणसाने संपृक्त चरबी दिवसाला २२ ग्रॅमच्या आत ठेवावी, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या १० टक्क्यांच्या मर्यादेचे गणित आहे.

आता घरातला हिशेब करा. वरणभातावरच्या एका छोट्या चमचा तुपात, म्हणजे ५ ग्रॅममध्ये, संपृक्त चरबी साधारण ३ ग्रॅम. सगळी चर्चा या चमच्याभोवती फिरते. पण चहा, दही आणि रात्रीचे दूध मिळून माणशी अर्धा लिटर सायीचे म्हशीचे दूध जात असेल, तर ६ टक्के चरबीच्या हिशेबाने ३० ग्रॅम चरबी आणि त्यातली सुमारे १९ ग्रॅम संपृक्त. दिवसाचा कोटा दुधातच जवळजवळ संपला. हेच दूध टोन्ड केले, ज्यात चरबी ३ टक्के असते, तर नऊ-दहा ग्रॅम वाचतात. डबल टोन्डमध्ये ती दीड टक्का. कोकणात आणि गोव्यात दुधाऐवजी नारळ पाहावा लागतो. ३० ग्रॅम ओल्या खोबऱ्यात सुमारे १० ग्रॅम चरबी, तिच्यातली जवळपास ९ ग्रॅम संपृक्त. वाटण बंद करायची गरज नाही. निम्मे खोबरे ठेवा, निम्म्या जागी भाजलेले तीळ, शेंगदाणे किंवा डाळे वाटा, दाटपणा तसाच राहतो.

दिवसाला १० ग्रॅम संपृक्त चरबी काढून तेवढीच बहु-असंपृक्त चरबी आत आणली, तर एलडीएल साधारण ९-१० मिलिग्रॅम उतरते, म्हणजे तंतूंइतकाच फायदा. करडई, सूर्यफूल, सोयाबीन ही तेले बहु-असंपृक्त चरबीची. शेंगदाणा तेल मधले, त्यात मुख्यतः ओलेइक आम्ल, म्हणजे एक-असंपृक्त चरबी, असते, आणि रोजच्या फोडणीला ते उत्तम. पामतेल निम्मे संपृक्त, खोबरेल तर बहुतांश. वनस्पती तुपातल्या ट्रान्स चरबीवर भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा घातली आहे, तरीही खारी, टोस्ट, बेकरीच्या बिस्किटांची चरबी संपृक्त असतेच.

तूप काढून त्याच्या जागी साबुदाणा, मैदा, साखर आली तर एलडीएल थोडेसे उतरते, पण ट्रायग्लिसराइड्स चढतात. उपवासाच्या महिन्यांत हे विशेष जपा. ट्रायग्लिसराइड्स कमी करायचे असतील तर तंतूंवर विसंबू नका. साखर, मद्य आणि पोटाचा घेर यांच्याकडे पाहा.

पोट कुरकुरले तर

बीटा-ग्लुकान आणि कडधान्यांतले तंतू मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात. त्यातून असिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही लहान मेदाम्ले तयार होतात. मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी आपली बरीचशी ऊर्जा ब्युटिरेटमधून घेतात, म्हणून हे आंबणे हवेच. त्याबरोबर वायूही होतो. पहिले दहा-पंधरा दिवस गुबारा जाणवला तर सोडून देऊ नका. मात्रा निम्मी करा आणि आठवड्याने पुन्हा वाढवा. जिवाणूंची जुळणी बदलायला तेवढा वेळ लागतो.

इसबगोल फारच कमी आंबते, त्यामुळे वायू कमी. ज्यांना इरिटेबल बॉवेलचा, म्हणजे वारंवार पोटदुखी आणि शौचाच्या अनियमिततेचा, त्रास आहे त्यांनी आधी इसबगोलाने सुरुवात करावी आणि गव्हाच्या कोंड्यापासून दूर राहावे. कोंड्याने अशांचे दुखणे वाढू शकते. राजमा-चवळी त्यांनी भिजवलेले पाणी टाकून, नव्या पाण्यात शिजवून, पाव वाटीपासून घ्यावी. वर जवाच्या बाबतीत भिजवलेले पाणी ठेवायला सांगितले, कडधान्यांत ते टाकायचे, हा फरक लक्षात असू द्या. कडधान्यांच्या त्या पाण्यात वायू करणाऱ्या शर्करा उतरलेल्या असतात.

इसबगोल सुरू केल्यावर बद्धकोष्ठ वाढले तर बहुधा पाणी कमी पडते आहे. शौचात रक्त, कारण नसताना वजन घटणे, रात्री झोपेतून उठवणारा जुलाब, ही लक्षणे तंतूंच्या खात्यावर टाकू नका, तपासणी करून घ्या.

आठ आठवड्यांनंतरचा आकडा

परिणाम तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून दिसू लागतो. पूर्ण मात्रा तिसऱ्या आठवड्यात सुरू होते, म्हणून तपासणी आठव्या आणि नवव्या आठवड्यात. या काळात वजन शक्यतो स्थिर ठेवा, नाहीतर फरक कशाचा ते सांगता येत नाही. वजन उतरत असताना कोलेस्टेरॉल तात्पुरते विचित्र वागते.

वरच्या उदाहरणातल्या १४२ एलडीएलचे काय व्हायला हवे? नुसत्या इसबगोलाने १० ते १३ मिलिग्रॅमची घट. दूध आणि नारळाचा बदल नीट झाला तर आणखी ९-१०. दोन्ही मिळून सरासरी १२० च्या जवळ आली तर काम उत्तम झाले. एचडीएल आणि ट्रायग्लिसराइड्स यांत फरक पडला नाही तरी बिघडले नाही, तंतूंचे ते कामच नाही.

काहीच उतरले नाही तर क्रमाने तपासा. इसबगोल खरोखर जेवणाबरोबर गेले का, की पुन्हा झोपताना सरकले? महिन्याला माणशी ३०० ग्रॅम भुसा संपायला हवा. डब्यात निम्मा उरला असेल तर उत्तर तिथेच आहे. ओट्सचे वजन कोरडे मोजले होते की शिजलेले? दूध बदलले, पण चहाबरोबरची खारी तशीच राहिली का? स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा नवे औषध सुरू झाले का? हे सगळे ठीक असूनही एलडीएल जागचे हलले नसेल, तर तुमच्या यकृताने गळती आपल्या उत्पादनाने भरून काढली असण्याची शक्यता आहे. काही माणसांत हे जास्त घडते. अशा वेळी तंतू चालू ठेवावेत, आणि दोन्ही वेळचे अहवाल घेऊन औषधाबद्दल डॉक्टरांशी बोलावे. उतरले असेल तर मात्रा तीच ठेवून सहा महिन्यांनी पुन्हा तपासा. इसबगोल बंद केले की काही आठवड्यांत एलडीएल पूर्वीच्या पातळीवर परत चढते.